अन्नाच्या रसायनाचा माग काढणाऱ्या कमला सोहोनी

पोटात वारंवार कळ येते. कधी जुलाब होतात, तर कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. जेवण झाले की पोट फुगते. रक्ताची तपासणी होते, सोनोग्राफी होते, दुर्बिणीतून आतडे पाहिले जाते आणि सगळे अहवाल निर्दोष येतात. रुग्णाचे दुखणे मात्र तसेच राहते. घरचे लोक त्याला चिंता करू नकोस म्हणून समजावतात आणि काही दिवसांनी ते दुखणे म्हणजे मनाचे खेळ, असा शिक्का बसतो. वैद्यकशास्त्र या विकाराला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम किंवा थोडक्यात आयबीएस म्हणते. छत्रपती संभाजीनगर असो वा मुंबई, पोटविकारतज्ज्ञांना हा रुग्ण नवा नाही.

आतड्याच्या रचनेत दोष दिसत नसेल, तर तो तेथील रसायनांच्या घडामोडीत असू शकतो, या विचारातून गेल्या काही वर्षांत मेटाबोलोमिक्स ही शाखा या विकाराकडे वळली आहे. अन्न पचताना, पेशी ते वापरताना आणि आतड्यातील जिवाणू त्यावर गुजराण करताना शेकडो लहान-मोठी रसायने तयार होतात. रक्त, लघवी आणि मल यांतील ही रसायने एकाच वेळी मोजून त्यांचा पट मांडायचा, हे या शाखेचे काम. यंत्रे नवी आहेत, पण प्रश्न जुना आहे. आपण खाल्लेल्या घासाचे पोटात नेमके काय होते, हा तो प्रश्न. महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या ताटातल्या अन्नाबाबत हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणाऱ्यांमध्ये डॉ. कमला सोहोनी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी आयबीएसवर संशोधन केले नाही. मात्र ज्या पायावर आजचे संशोधन उभे आहे, त्या पायाचे काही दगड त्यांनी आणि त्यांच्या गुरुजनांनी बसवले. त्यासाठी त्यांना आधी प्रयोगशाळेचे दार उघडून घ्यावे लागले.

रसायनशास्त्राचे घर

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेल्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांत त्यांची गणना होत असे. ज्या काळात मुलीने मॅट्रिक होणे हेच कौतुकाचे मानले जाई, त्या काळात या घरातील मुलींपुढे विद्यापीठाची वाट मोकळी होती.

थोरली बहीण दुर्गा साहित्य आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासाकडे वळली. पुढे दुर्गा भागवत या नावाने मराठी वाचकाला परिचित झालेल्या या विदुषीने १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले आणि आणीबाणीविरुद्ध ठाम भूमिका घेतली. धाकट्या कमलेने वडील आणि काकांची वाट धरली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या पहिल्या आल्या. संशोधनासाठी बंगळूरला जायचे, हे घरात जणू ठरलेलेच होते. गुणपत्रिका पाहता प्रवेश नाकारला जाण्याचे काही कारण नव्हते.

बंगळूरचे बंद दार

तरीही अर्ज फेटाळला गेला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. १९३० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंचावली होती. संस्थेत स्त्रियांना प्रवेश द्यायचा नाही, हे त्यांचे मत होते. अर्जदार विद्यापीठात पहिली आली होती, या गोष्टीने त्या मतात फरक पडला नाही.

वडिलांनी आणि काकांनी रामन यांना विनंती केली, तीही निष्फळ ठरली. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे वारे होते. त्यांनीही प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कार्यालयापुढून न हलण्याचा निश्चय केला. अखेर रामन यांना नमते घ्यावे लागले, परंतु त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. मुलगी समोर असेल तर पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होईल, असा या अटीचा सरळ अर्थ.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण अपमान विसरल्या नाहीत. रामन थोर शास्त्रज्ञ होते तरी स्त्रियांच्या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, असे त्यांनी पुढे उतारवयात जाहीरपणे सांगितले.

मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. ते शिस्तीचे कडक होते, पण विद्यार्थ्यात भेदभाव करणारे नव्हते. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम चाले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हा कमलाबाईंचा विषय होता. वर्षअखेरीस रामन यांनी काम पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली त्यांनी विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पदवी मिळवली.

केंब्रिजमधील वारसा

पुढचा टप्पा होता इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठ. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स हे या शास्त्राचे एक जनक मानले जातात. अन्नात प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्टमय पदार्थ आणि क्षार यांपलीकडेही अत्यल्प प्रमाणात लागणारे काही घटक असतात, हे त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. हेच घटक पुढे जीवनसत्त्वे म्हणून ओळखले गेले. त्यासाठी १९२९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

कमलाबाई तेथे पोहोचल्या तेव्हा विभागात जागा शिल्लक नव्हती. त्या वेळी डेरेक रिश्टर या तरुण संशोधकाने आपले मेज त्यांना दिवसा वापरण्यासाठी देऊ केले आणि स्वतः रात्री काम करण्याची तयारी दाखवली, असे सांगितले जाते. बंगळूरच्या अनुभवानंतर हा उदार व्यवहार त्यांच्या मनात घर करून राहिला.

या विभागात त्या वर्षांत काय चालले होते, हे आजच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल हॉपकिन्स यांनीच सिडनी कोल यांच्यासह १९०१ साली वेगळे केले होते. आतड्याच्या हालचालीवर नियंत्रण ठेवणारे सेरोटोनिन हे रसायन शरीर याच ट्रिप्टोफॅनपासून बनवते आणि शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असते. अशी रसायने मोडणाऱ्या विकरांपैकी एकाचा छडा मेरी हेअर या संशोधिकेने १९२८ मध्ये केंब्रिजमध्येच लावला. १९३७ मध्ये ह्यूगो ब्लाश्को आणि हान्स श्लॉसमन यांच्यासह याच विकराचा पुढील अभ्यास करणारे तिसरे संशोधक होते रिश्टर, कमलाबाईंना आपले मेज देणारे. मार्जरी स्टीफन्सन या जिवाणूंच्या चयापचयाचा अभ्यास करत होत्या. काही जिवाणूंमधील हायड्रोजनशी निगडित विकर त्यांनी आणि स्टिकलंड यांनी १९३१ मध्ये शोधले होते. आज पोटफुगीच्या रुग्णाच्या श्वासातील हायड्रोजन मोजून आतड्यातील जिवाणूंचा उद्योग ओळखला जातो, त्यामागे जिवाणूंच्या चयापचयाचे हेच ज्ञान आहे.

रिश्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू केले. बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे त्यांना आढळले. पेशीच्या श्वसनात, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेत, हे द्रव्य इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम करते. प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशी ऊर्जेसाठी एकाच प्रकारच्या रासायनिक साखळीवर अवलंबून आहेत, या समजुतीला या शोधाने बळ दिले. हॉपकिन्स यांच्या सूचनेवरून त्यांनी प्रबंध सादर केला. तो जेमतेम ४० पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण झाला होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख अनेकदा होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनी १९३१ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. त्यामुळे कमलाबाईंच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्वासह पदव्या देण्यास १९४८ मध्ये सुरुवात केली. ज्या विद्यापीठाने त्यांचे काम गौरवले, त्याच्याही दारात स्त्रियांसाठी एक उंबरठा शिल्लक होता.

दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई

१९३९ मध्ये कमलाबाई मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या. या प्रयोगशाळेचे संस्थापक रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सदोष आहाराने माकडांच्या पचनमार्गात कोणते बिघाड होतात, हे प्रयोगांनी दाखवले होते. सदोष अन्न आणि पोटाचे विकार या विषयावर त्यांनी १९२१ मध्ये अमेरिकेत दिलेले व्याख्यान गाजले होते. पुढे ही प्रयोगशाळा हैदराबादला हलली. राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ती आज ओळखली जाते.

१९४७ साली त्यांचा विवाह ॲक्च्युअरी असलेल्या मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईत आल्या. १९४९ पासून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग त्यांनी घडवला. परदेशी नियतकालिकांत जे विषय चालतात तेच येथे उचलायचे, हा मार्ग त्यांना सोपा होता. त्यांनी विषय निवडले ते भारतीय स्वयंपाकघरातले. वाल, डबल बी, इतर कडधान्ये, तांदळाचे पीठ, नीरा आणि दूध ही त्यांच्या विद्यार्थ्यांची संशोधनसामग्री होती.

वालाच्या दाण्यातील कुलूप

यामागे मोठा सामाजिक प्रश्न होता. मांस, अंडी आणि दूध ज्यांना परवडत नाही किंवा चालत नाही, त्यांच्या आहारात प्रथिने येतात ती मुख्यतः डाळी आणि कडधान्यांतून. मराठवाड्यातील भाकरीबरोबरचे वरण असो की कोकणातील उसळ, गरिबाचे बळ त्यावरच. पण दाण्यात जितके प्रथिन आहे तितके शरीराला मिळते का? कागदावरचे पोषण आणि अंगी लागणारे पोषण यांत अंतर असते, हे कमलाबाईंना प्रयोगांतून दिसत होते.

या अंतराचे एक कारण दाण्यातच दडलेले आहे. खाल्लेले प्रथिन लहान आतड्यात पोहोचले की स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर त्याचे तुकडे करते. कच्च्या कडधान्यांत मात्र ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात. ही द्रव्ये ट्रिप्सिनला घट्ट चिकटतात आणि त्याचे काम थांबवतात. परिणामी प्रथिनाचा काही भाग न पचताच पुढे जातो. कीड आणि प्राणी यांच्यापासून बी वाचवण्यासाठी निसर्गाने घातलेले हे जणू कुलूपच. सोयाबीनमधील असे द्रव्य अमेरिकेतील मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात मिळवले होते.

भारतीय खाद्यपदार्थांत अशी द्रव्ये कोठे आणि किती आहेत, याची पाहणी कमलाबाईंनी हाती घेतली. १९५५ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी के. एस. अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधक द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी केल्याचे नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात जाहीर केले. मुंबईच्या बाजारात मिळणारा वाल त्या दिवशी जागतिक विज्ञानाच्या पानावर आला. पुढे वालातील रक्तपेशींना गोठवणाऱ्या द्रव्यांचा आणि त्याच्या पोषणमूल्याचाही त्यांच्या विभागात कसून अभ्यास झाला.

हे कुलूप उघडण्याची किल्लीही स्वयंपाकघरात होती. ही रोधक द्रव्ये बव्हंशी उष्णतेने निष्प्रभ होतात. भिजवणे आणि मोड आणणे यांमुळेही कडधान्य पचायला हलके होते. वाल रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग त्याचे बिरडे शिजवायचे, हा खटाटोप घरोघरच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या करत आल्या. त्यांच्या त्या सवयीला रसायनशास्त्राचा आधार होता.

अन्न जसे पोसते तसे ते बाधतेही, याचा अनुभव भागवतांच्या घरालाही होता. दुर्गाबाई मध्य प्रांतातील आदिवासी भागात अभ्यासासाठी फिरत असताना विषारी सुरण खाण्यात आल्याने गंभीर आजारी पडल्या आणि त्यांची सुमारे सहा वर्षे अंथरुणावर गेली. उत्तरायुष्यात दुर्गाबाईंनी खमंग हे पाककृतींचे पुस्तक लिहिले, तर कमलाबाईंनी आहार-गाथा लिहून मराठी वाचकाला अन्नाचे शास्त्र सांगितले. एकीने स्वयंपाकाची रुची लोकांपुढे ठेवली, दुसरीने त्यामागचे रसायन.

वालावरील निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभराने, १९५६ साली, औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. घाटी या नावाने मराठवाड्याला परिचित असलेल्या या संस्थेतील विद्यार्थी, देशातील इतर वैद्यकीय विद्यार्थ्यांप्रमाणेच, अभ्यासाच्या आरंभीच ट्रिप्सिन आणि सायटोक्रोम यांचे धडे गिरवतात. त्या धड्यांमागे एका मराठी संशोधिकेचेही श्रम आहेत, याची जाणीव थोड्यांनाच असते.

नीरा, दूध आणि गरिबाचे पोषण

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम सुरू केले. ताड आणि शिंदीसारख्या झाडांचा हा गोड रस सूर्य वर येण्यापूर्वी ताजा प्यायला तर पौष्टिक असतो, तर काही तासांत आंबून त्याची ताडी होते. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व तसेच लोह असल्याचे त्यांच्या विभागाने दाखवले. नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही यांपैकी पोषक घटक टिकून राहतात, असेही आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती यांच्या आहारात नीरेची भर घातल्यावर त्यांचे आरोग्य सुधारल्याचे निष्कर्ष निघाले. स्वस्त आणि हाताशी असलेल्या पदार्थातून पोषण कसे मिळेल, हा या कामाचा रोख होता. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक देण्यात आले.

मुंबईकरांना दूध पुरवणाऱ्या आरे दूध वसाहतीच्या व्यवस्थापनालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. दूध नासू नये यासाठीची प्रक्रिया त्यांनी सुचवली.

संस्थेच्या कारभारात मात्र जुनाच अनुभव नव्या रूपात समोर आला. ज्येष्ठता आणि पात्रता असूनही अंतर्गत राजकारणामुळे संचालकपद त्यांच्यापर्यंत येण्यास चार वर्षांचा विलंब झाला. अखेर त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. ही बातमी ऐकून इंग्लंडमधील रिश्टर यांनी त्यांचे मनापासून कौतुक केले. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरही अन्न हाच त्यांचा विषय राहिला, फक्त प्रयोगशाळेच्या जागी बाजार आला. १९६६ मध्ये मुंबईत महिलांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेत त्या सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले आणि संघटनेच्या कीमत या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेबाबत लेखन केले. ताटात काय येते आणि त्याचे पोटात काय होते, या दोन प्रश्नांत त्यांना फरक वाटत नव्हता.

दिल्लीतील शेवटचा समारंभ

ज्या देशात स्त्री म्हणून त्यांचा अर्ज फेटाळला गेला, तेथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या रूपाने एक स्त्री पोहोचली होती. कमलाबाईंच्या कार्याची माहिती झाल्यावर सत्यवती यांनी त्यांचा दिल्लीत गौरव करण्याचे ठरवले. १९९८ सालच्या त्या समारंभात टाळ्यांच्या गजरात स्वागत झालेल्या कमलाबाई सभागृहातच कोसळल्या. २८ जून १९९८ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

योगायोग असा, की मेटाबोलोम हा शब्द शास्त्रीय लेखनात प्रथम आला तोही १९९८ सालीच. एखाद्या सजीवातील सर्व लहान रेणूंचा समुच्चय, असा त्याचा अर्थ. कमलाबाईंच्या पिढीने एकेक द्रव्य महिनोन् महिने खपून वेगळे केले. आता वस्तुमान पंक्तिमापक आणि चुंबकीय अनुस्पंदन यांसारख्या यंत्रांवर एका नमुन्यातील शेकडो द्रव्ये एकत्र मोजता येतात.

आयबीएसच्या बाबतीत या पद्धतीने काही धागे हाती आले आहेत. मोठ्या आतड्यातील जिवाणू ट्रिप्टोफॅनचे रूपांतर ट्रिप्टामिनसारख्या द्रव्यांत करतात आणि त्यामुळे आतड्यात पाणी सुटते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. जुलाबाचा त्रास असलेल्या काही रुग्णांत मोठ्या आतड्यात पित्ताम्लांचे प्रमाण अधिक आढळते. २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णांचे नमुने काही महिने पुनःपुन्हा तपासले, तेव्हा हायपोझॅन्थिन हे द्रव्य त्यांच्यात कमी असल्याचे दिसले. आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जेच्या कामी हे द्रव्य उपयोगी पडते. या निष्कर्षांतून आजार निश्चित करणारी एखादी साधी चाचणी अद्याप प्रचारात आलेली नाही. आजही निदान लक्षणांवरून होते. मागील तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी आणि तिचा शौचाशी किंवा त्यातील बदलांशी संबंध, हा २०१६ पासूनचा निकष आहे. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे, ताप अशी लक्षणे असतील तर मात्र दुसरा आजार शोधावा लागतो.

कडधान्यांचा प्रश्नही नव्या रूपात पुढे आला आहे. त्यांतील रॅफिनोज आणि स्टॅचिओज या शर्करा मोडणारे विकर मानवी आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. निरोगी माणसाला याचा फारसा त्रास होत नाही, पण संवेदनशील आतड्याच्या रुग्णाला होतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास अशा आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार सुचवला आणि अनेक रुग्णांना त्याचा उपयोग होतो. हा आहार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठरावीक काळापुरताच घ्यायचा असतो. गरिबाच्या ताटातून डाळ कायमची काढून टाकणे हा त्याचा अर्थ नव्हे. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिले की या शर्कराही काही अंशी कमी होतात. पुन्हा एकदा उत्तराचा एक भाग स्वयंपाकघरातच सापडतो.

अन्नाकडे पाहण्याची ही नजर कमलाबाईंच्या कामाचे सार आहे. जे सामान्य माणूस रोज खातो त्याचा अभ्यास कमी प्रतीचा नाही, त्याची तक्रार क्षुल्लक नाही आणि ज्याचे कारण अजून सापडलेले नाही ते दुखणे खोटे नाही, हे त्यात गृहीत आहे. निर्दोष अहवाल हाती घेऊन फिरणाऱ्या रुग्णाला या दृष्टीची आज सर्वाधिक गरज आहे. त्याच्या दुखण्याचे रसायन शोधणाऱ्या प्रयोगशाळांत आता देशभर मुली काम करतात. नव्वद वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका कार्यालयापुढून हलण्यास नकार देणाऱ्या विद्यार्थिनीचे त्यांच्यावर ऋण आहे.